सत्ता, कारभार आणि आरोग्य: विकसनशील देशांवरचे संशोधन पायरीपायरीने कसे उभे करावे

‘लोकशाही आली की बालमृत्यू घटतात का?’ या विषयाकडे वळणाऱ्या बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा असाच एखादा प्रश्न येतो. प्रश्न चांगला आहे, पण त्यावर थेट काम करता येत नाही. मतपेटी आणि बाळाचा श्वास यांच्यामध्ये दहा-बारा कड्या आहेत, आणि त्यातली एक निसटली तरी निष्कर्ष हवेत लोंबकळतो. या लेखातली प्रत्येक पायरी त्या मधल्या कड्या पकडण्यासाठी आहे. पदव्युत्तर प्रबंध असो, संस्थेचा अभ्यास असो की छोटा क्षेत्रीय प्रकल्प, क्रम साधारण हाच राहतो.

साखळी कागदावर उतरवा

डेटा शोधण्याआधी एक मोठा कागद घ्या. डाव्या टोकाला राजकीय कारण लिहा: निवडणूक, विकेंद्रीकरण, आरक्षण, नवा कायदा, जे असेल ते. उजव्या टोकाला आरोग्याचा परिणाम लिहा. मग मधली प्रत्येक कडी भरा. उदाहरणार्थ: गरिबांची मते मोजली जाऊ लागली, त्यांच्या प्रतिनिधींना जागा मिळाल्या, अंदाजपत्रकात आरोग्याची तरतूद वाढली, पैसा प्रत्यक्ष खाली उतरला, परिचारिकेचे पद भरले गेले, ती कामावर हजर राहिली, औषध शिल्लक होते, गर्भवती केंद्रात आली, तपासणी नीट झाली, बाळ पुरेशा वजनाचे जन्मले.

प्रत्येक कडीसमोर तीन रकाने ठेवा. ही कडी खरी असेल तर काय दिसायला हवे? ते कुठे दिसेल? आणि तेच दुसऱ्या कोणत्या कारणाने दिसू शकेल? तिसरा रकाना रिकामा राहिला तर विचार अर्धवट आहे असे समजा.

ही साखळी कल्पनेतली नाही. ब्राझीलमध्ये १९९८ च्या निवडणुकीत ४०,५०० पेक्षा जास्त नोंदणीकृत मतदार असलेल्या नगरपालिकांत मतदानयंत्रे आली, बाकीच्या ठिकाणी कागदी मतपत्रिकाच राहिली. कागदी पद्धतीत उमेदवाराचे नाव किंवा क्रमांक हाताने लिहावा लागे, त्यामुळे कमी शिकलेल्यांची पुष्कळ मते बाद होत. थॉमस फुजिवारा यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही साखळी कडी-कडीने तपासली: बाद मते घटली, राज्यांचा आरोग्यावरचा खर्च वाढला, कमी शिकलेल्या मातांच्या प्रसूतिपूर्व तपासण्या वाढल्या आणि कमी वजनाची बाळे जन्मण्याचे प्रमाण घटले. वाचकाला हा निष्कर्ष पटतो तो मधल्या प्रत्येक टप्प्यावर पुरावा ठेवल्यामुळे.

साखळी पूर्ण झाली की तिच्यातल्या दोन किंवा फार तर तीन कड्या स्वतःसाठी निवडा. सगळी साखळी एका अभ्यासात पेलत नाही.

परिणाम म्हणून काय मोजायचे, हे गणिताने ठरवा

इथे भावना आड येतात. बालमृत्यू हा सर्वांत महत्त्वाचा परिणाम आहे हे खरे, पण मृत्यू ही सांख्यिकीच्या दृष्टीने दुर्मिळ घटना आहे. समजा, एका भागात पाच वर्षांखालील मृत्युदर हजारी ५० आहे आणि एखाद्या सुधारणेमुळे तो हजारी ४० झाला. हा फरक ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक आहे असे वाटण्याची शक्यता) ठेवून पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ६,७०० जन्मांची माहिती लागते, आणि तीही समूहांचा परिणाम धरण्यापूर्वी. उलट लसीकरण ६० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेले का, हे पाहायला प्रत्येक गटात साधारण ३५३ मुले पुरतात.

म्हणून लहान अभ्यासाने मधली कडी मोजावी: लसीकरण, परिचारिकेची हजेरी, औषधांचा साठा, तपासणीची गुणवत्ता. मृत्युदर मोठ्या सर्वेक्षणांसाठी ठेवावा. पाचशे कुटुंबांच्या पाहणीतून मृत्युदरावर विधान करणारे प्रबंध पाहिले की वाईट वाटते. मेहनत खरी असते, पण आकडा काहीच बोलत नसतो.

आता समूहांचा परिणाम. एकाच गावातली मुले एकमेकांसारखी असतात, त्याच केंद्रात जातात. त्यामुळे वीस मुलांची माहिती वीस स्वतंत्र माहित्यांएवढी ठरत नाही. सूत्र सोपे आहे: आराखडा परिणाम = १ + (प्रत्येक समूहातील मुले − १) × समूहांतर्गत सहसंबंध (एका समूहातली मुले एकमेकांसारखी किती, याचे माप). दर गावात २० मुले आणि सहसंबंध ०.०५ असेल तर १ + १९ × ०.०५ = १.९५. म्हणजे ३५३ ऐवजी ६८८ मुले. १० टक्के कुटुंबे भेटणार नाहीत किंवा नकार देतील असे धरले तर ७६५. वीसने भागले की प्रत्येक गटात ३९ गावे, एकूण ७८.

गावात २० ऐवजी १० मुले घेतली तर परिणाम १.४५ वर येतो आणि प्रत्येक गटात ५६९ मुले पुरतात, पण गावे ५७ लागतात. मुले कमी, प्रवास जास्त. पथकाचा दिवसाचा खर्च आणि रस्त्यांची अवस्था पाहून यातली निवड करा. गावे वाढवली की नेमकेपणा वाढतो. एकाच गावात मुले वाढवत गेलात तर फायदा लवकरच थांबतो.

आधीच काय जमा आहे ते पाहा

स्वतः क्षेत्रात उतरण्यापूर्वी दोन महिने उपलब्ध डेटावर घालवावेत.

लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षणांचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम १९८४ मध्ये सुरू झाला आणि ९० हून अधिक देशांत पोचला. भारतातले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण याच घराण्यातले. त्याची पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली आणि २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजारांहून अधिक कुटुंबे होती. या कार्यक्रमाला पैसा मुख्यतः अमेरिकी सरकारकडून मिळत होता आणि तो २०२५ मध्ये थांबवला गेला. त्यामुळे लागणाऱ्या जुन्या फाइली, प्रश्नावल्या आणि चलसूची नियमानुसार मिळवून जपून ठेवणे आता आवश्यक झाले आहे. युनिसेफची बहुनिर्देशक सर्वेक्षणे रचनेने जवळची आहेत.

या फाइली उघडल्यावर तीन चुका ठरलेल्या होतात. पहिली: भारांकाच्या (प्रत्येक नोंदीला द्यायच्या वजनाच्या) रकान्याला दहा लाखांनी भागायचे राहते, किंवा भारांकच लावला जात नाही. दुसरी: समूह आणि स्तर (नमुना काढण्यासाठी पाडलेले भाग) यांचे रकाने सॉफ्टवेअरला सांगितले जात नाहीत, मग प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, खोटी लहान येते. तिसरी सर्वांत फसवी: नकाशावरचे बिंदू खरे मानले जातात. गोपनीयतेसाठी शहरी समूहांचे स्थान २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण समूहांचे ५ किलोमीटरपर्यंत आणि त्यातल्या १ टक्का ग्रामीण समूहांचे १० किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकवलेले असते. ‘घर ते दवाखाना अंतर’ या बिंदूंवरून मीटरमध्ये काढणारा अभ्यास पायापासून चुकतो. त्याऐवजी ५ किंवा १० किलोमीटरच्या वर्तुळातल्या सोयींची संख्या घ्या.

मृत्यूंच्या नोंदींतही खाचाखोचा आहेत. माता बाळाच्या मृत्यूचे वय ‘एक वर्षाचे होते’ असे गोळाबेरीज सांगतात, म्हणून १२ महिन्यांवर आकड्यांचा ढीग साचतो आणि अर्भक मृत्युदर खोटा कमी दिसतो. पाच वर्षांखालील दराला याचा धक्का कमी बसतो. दुसरे असे की ठरावीक वर्षांनंतर जन्मलेल्या मुलांसाठी लांबलचक आरोग्य प्रश्नावली भरावी लागते. थकलेले प्रगणक कधी कधी बाळाचे जन्मवर्ष थोडे मागे ढकलून ती टाळतात. जन्मवर्षांचा साधा स्तंभालेख काढा. सीमेच्या वर्षात खड्डा आणि आदल्या वर्षी उंचवटा दिसला तर ही करामत झालेली आहे.

कुपोषणाच्या मोजमापांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वाढमानके वापरतात. वयानुसार उंचीचा झेड-गुणांक (मूल मानकाच्या मध्यापासून किती प्रमाण विचलने दूर आहे तो आकडा) −६ च्या खाली किंवा +६ च्या वर असेल तर नोंद बाद धरतात. दोन वर्षांखालील मुलांची लांबी झोपवून, त्यावरील मुलांची उंची उभे करून मोजतात, दोन्हींत ०.७ सेंटिमीटरचा फरक धरलेला असतो. झेड-गुणांकांचे प्रमाण विचलन १ च्या आसपास असावे. ते १.५ च्या पुढे गेले असेल, तर त्या भागात कुपोषणाची विषमता शोधण्याआधी मोजमापाची पट्टी तपासा.

सरकारी दप्तरातल्या आकड्यांचा मुख्य दोष छेदात असतो. लसीकरण १०४ टक्के झाल्याचे अहवाल निघतात, कारण वर प्रत्यक्ष दिलेल्या मात्रा असतात आणि खाली जुन्या जनगणनेवरून काढलेली बालकसंख्या. यावर एक चांगली वाट आहे. त्रिगुणी लशीची पहिली आणि तिसरी मात्रा यांतली गळती काढा: (पहिली − तिसरी) ÷ पहिली. दोन्ही आकडे एकाच दप्तरातले असल्याने चुकीचा छेद या हिशेबातून बाहेर पडतो, आणि गळती थेट कारभाराबद्दल बोलते: केंद्र ठरल्या दिवशी उघडे होते का, लस होती का, आईला परत बोलावले होते का.

जिल्ह्यांच्या सीमांबद्दल एकच सूचना, पण कडक. अनेक देशांत नवे जिल्हे राजकीय कारणांनी निघतात. युगांडात २००० नंतरच्या दशकात जिल्ह्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली. दोन काळांची तुलना करायची तर सगळा डेटा जुन्या सीमांवर आणून मगच करा.

राजकीय बाजूला जागतिक बँकेचे सहा कारभार निर्देशांक १९९६ पासून, आफ्रोबॅरोमीटरची मतपाहणी १९९९ पासून आणि लोकशाहीच्या प्रकारांचा व्ही-डेम हा संच १७८९ पर्यंत मागे जातो. कारभार निर्देशांक वापरताना सोबत दिलेली त्रुटीमर्यादा वाचा. शेजारच्या दहा देशांतला फरक पुष्कळदा त्या मर्यादेच्या आतच असतो. आणखी एक सापळा म्हणजे ‘शासनाची परिणामकारकता’ या निर्देशांकात सार्वजनिक सेवांच्या दर्जाबद्दलचे मत आधीच मिसळलेले असते. त्याचा आरोग्याशी संबंध जोडणे म्हणजे काही अंशी एकच गोष्ट दोनदा मोजणे.

तुलना कोणाशी?

देशादेशांच्या तुलनेचा मोह मोठा असतो, कारण डेटा बसल्या जागी मिळतो. पण हाताशी शंभर-सव्वाशे देश, आणि त्यांना वेगळे करणारी कारणे त्याहून जास्त. शिवाय जे देश आकडे देतच नाहीत ते गणितातून गुपचूप गळतात. मायकल रॉस यांनी २००६ मध्ये दाखवले की जुन्या अभ्यासांतून चांगली आरोग्यस्थिती असलेल्या अनेक हुकूमशाही राजवटी डेटाअभावी सुटल्या होत्या, आणि त्यामुळे लोकशाहीचा फायदा फुगून दिसत होता. आपल्या अभ्यासात कोणता देश, जिल्हा किंवा वर्ष गळले त्याचा तक्ता काढा, आणि गळलेल्यांत काही समान आहे का ते आधी पाहा.

एकाच देशाच्या आत तुलना शोधणे बहुधा अधिक फलदायी ठरते. तीन मार्ग आहेत.

पहिला, नियमाने आखलेली रेषा: ब्राझीलमधल्या ४०,५०० मतदारांसारखी. रेषेच्या अगदी वरचे आणि अगदी खालचे प्रदेश एकमेकांसारखेच असतात असे गृहीत धरतात. तपासायचे ते हे की रेषा पाहून कोणी आकडा फिरवला का? रेषेच्या एका बाजूला अचानक गर्दी दिसली तर तो मार्ग सोडून द्या. त्याच रेषेवर दुसरी एखादी योजनाही लागू होते का, हेही पाहा; लोकसंख्येच्या रेषांवर अनेक अनुदाने एकत्र बांधलेली असतात.

दुसरा, आधी-नंतरच्या फरकांची तुलना. सुधारणा काही जिल्ह्यांत आधी, काहींत नंतर आली असेल तर हा मार्ग घेतात. किमान तीन-चार पूर्वकालीन बिंदू हवेत, म्हणजे दोन्ही गटांची वाटचाल आधी समांतर होती का ते दिसते. सुधारणा टप्प्याटप्प्याने आली असेल तर जुना, सरसकट स्थिर-परिणाम लावण्याचा (प्रत्येक जिल्ह्याचा आणि वर्षाचा कायमचा फरक वजा करण्याचा) प्रघात चुकीचे उत्तर देऊ शकतो, कारण त्यात आधी सुधारलेले जिल्हे नंतरच्यांसाठी तुलनागट बनतात. गेल्या काही वर्षांतल्या सुधारित पद्धती वापरा. आणि मंत्र्याने पहिले जिल्हे कसे निवडले हे मुलाखतीतून शोधल्याशिवाय गणिताला हात लावू नका.

तिसरा, यादृच्छिक प्रयोग, म्हणजे सुधारणा कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे. इथे एक धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. युगांडात ५० आरोग्य केंद्रांच्या परिसरात नागरिकांना केंद्राच्या कामाचे प्रगतिपत्रक देऊन कर्मचाऱ्यांसोबत बैठका घेतल्या गेल्या. मार्टिना ब्योर्कमान आणि याकोब स्वेन्सन यांच्या २००९ च्या अभ्यासात पाच वर्षांखालील मृत्यू ३३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पुढे त्याच देशात ३७६ केंद्रांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात उपचारांचा दर्जा थोडा सुधारला, पण केंद्राचा वापर किंवा मृत्यू यांच्यात बदल दिसला नाही. दरम्यानच्या काळात मूळ स्थितीच बदललेली असू शकते, आणि ५० समूहांवरचा मोठा आकडा नशिबानेही मोठा निघू शकतो. एका प्रयोगावरून धोरण सुचवणाऱ्याने या दोन्ही शक्यता लिहिल्या पाहिजेत.

पैशाचा माग काढणे

कारभाराचे संशोधन खरे उलगडते ते इथे. तरतूद, वितरण आणि प्रत्यक्ष खर्च या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आफ्रिकी देशांनी २००१ मध्ये अबुजा येथे अंदाजपत्रकाचे १५ टक्के आरोग्याला देण्याचे ठरवले, आणि त्यानंतरचे असंख्य लेख तरतुदीचाच टक्का मोजत राहिले. तरतूद म्हणजे आश्वासन. केंद्रापर्यंत किती उतरले ते निराळे.

माग काढण्याची पद्धत अशी. पूर्ण झालेले, लेखे बंद झालेले एकच आर्थिक वर्ष घ्या. एकच शीर्ष घ्या: औषधे किंवा केंद्राचा किरकोळ खर्च. वेतनापासून सुरुवात करू नका, कारण ते बहुधा थेट खात्यात जाते आणि त्यातली गळती वेगळ्या जातीची असते. मंत्रालयापासून केंद्रापर्यंत पैशाचा मार्ग रेखाटा. प्रत्येक पातळीवर चार नोंदी घ्या: वरून किती आले, कोणत्या तारखेला, खाली किती गेले, कोणत्या तारखेला. केंद्रावर रोकडवही आणि साठावही दोन्ही पाहा, आणि शक्य तिथे कागदाचा फोटो घ्या. मग गळती = (वरून पाठवलेले − खाली मिळालेले) ÷ पाठवलेले. विलंबाचे दिवस वेगळे मोजा. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात पोचलेला पैसा कागदावर पोचलेला असतो, रुग्णाला नाही.

या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध निकाल आरोग्यातला नसून शिक्षणातला आहे. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात दर विद्यार्थ्यामागे ठरलेल्या अनुदानापैकी सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोचले होते. तिथे हिशेब जमला याचे कारण नियम पक्का होता: एवढे विद्यार्थी, एवढी रक्कम. आरोग्यात असा नियम क्वचित असतो. केंद्राला किती मिळायला हवे हेच कुठे लिहिलेले नसेल तर गळती काढता येत नाही. फक्त किती पोचले ते सांगता येते. चाडमध्ये २००४ च्या माग-पाहणीत वेतनेतर खर्चाचा १ टक्क्याहूनही कमी भाग केंद्रांपर्यंत पोचल्याचे आढळले.

प्रत्येक तफावतीला चोरी म्हणण्याची घाई मात्र नको. जिल्हा कार्यालय पैशाऐवजी वस्तू देते. साथ आली की निधी कायदेशीरपणे वळवला जातो. वही पावसात भिजलेली असते. आणि दात्यांचा पैसा सरकारी पुस्तकात येतच नाही, त्यामुळे केंद्रात औषध भरलेले आणि हिशेबात शून्य, असे उलटे चित्रही दिसते. तफावतीचे चार कप्पे करा: वळवलेले, वस्तुरूपात दिलेले, नोंद नसलेले, आणि स्पष्टीकरण नसलेले. अहवालात फक्त शेवटच्या कप्प्यावर बोट ठेवा.

औषधांसाठी दहा ते पंधरा खुणेची औषधे ठरवा. साठापत्रकावरचा आकडा आणि फडताळातली प्रत्यक्ष मोजणी जुळवा, मुदत पाहा, आणि गेल्या ९० दिवसांत किती दिवस साठा शून्य होता ते लिहा. ‘औषध आहे का?’ या एका प्रश्नाचे उत्तर भेटीच्या दिवसापुरतेच असते.

हजेरी मोजणे

बांगलादेश, इक्वेडोर, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा या सहा देशांत न कळवता दिलेल्या भेटींवर आधारलेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की आरोग्य कर्मचारी सरासरी ३५ टक्के वेळा जागेवर नव्हते. अशी पाहणी करताना क्रम महत्त्वाचा. आधी जिल्हा कार्यालयातून नेमणुकांची यादी घ्या, केंद्रावर नव्हे; केंद्रावर मागितली तर गैरहजर व्यक्तीचे नाव यादीतच येत नाही. प्रत्येक केंद्राला किमान तीन भेटी, आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी, कामाच्या वेळेतल्या वेगवेगळ्या तासांना. पोचल्यावर पहिल्या काही मिनिटांत डोळ्यांनी दिसलेल्यांची नोंद करा, विचारपूस नंतर. मग कारण विचारा: रजा, प्रशिक्षण, गावभेट, बैठक, माहीत नाही.

गावभेटीचे कारण खरे की सांगण्यापुरते, हे फिरतीच्या वेळापत्रकावरून आणि जमल्यास त्या गावात जाऊन पडताळा. गैरहजेरी पुष्कळदा वरून लादलेली असते: अहवाल पोचवणे, निवडणुकीचे काम, जिल्ह्यातल्या सभा. ती व्यक्तीच्या नावावर टाकणे हा अन्याय आहे आणि चुकीचे विश्लेषणही.

प्रश्नावली आणि नाजूक प्रश्न

दवाखान्याच्या दारात ‘समाधानी आहात का?’ असे विचारले की जवळपास सगळे हो म्हणतात. सौजन्य असते, भीतीही असते. त्याऐवजी घडलेले विचारा: किती वेळ थांबलात, कोणी तपासले, ताप मोजला का, कुठे पैसे दिले, किती, पावती मिळाली का. मुलाखत घरी घ्या. प्रगणक आरोग्य खात्याचा कर्मचारी नसावा.

लाचेसारख्या विषयासाठी यादी-प्रयोग वापरतात. अर्ध्या लोकांना चार निरुपद्रवी विधाने, अर्ध्यांना तीच चार आणि पाचवे नाजूक विधान. प्रत्येकाने फक्त किती लागू होतात तो आकडा सांगायचा. समजा, पहिल्या गटाची सरासरी १.८ आणि दुसऱ्याची २.१ आली, तर अंदाज ३० टक्के. पद्धत माणसाला सुरक्षित ठेवते, पण अंदाज ढोबळ येतो. एकूण हजार-दीड हजार उत्तरांखाली ती वापरण्यात अर्थ नाही. चार विधानांपैकी एक जवळपास सर्वांना लागू होणारे आणि एक जवळपास कोणालाच नसणारे ठेवा, म्हणजे ‘सगळी लागू’ असे सांगून उघडे पडण्याची वेळ येत नाही.

भाषांतर दोन्ही बाजूंनी करून घ्या: एकाने स्थानिक भाषेत, दुसऱ्याने मूळ न पाहता परत. निवडलेल्या भागाबाहेर तीसेक कुटुंबांवर चाचणी घ्या. तास ओलांडणारी प्रश्नावली कापा. क्षेत्रकाम चालू असतानाच १० टक्के कुटुंबांकडे पर्यवेक्षकाने परत जावे आणि न बदलणारे पाच प्रश्न पुन्हा विचारावेत. दोन उत्तरे जुळत नसतील तर त्या दिवशीच कळले पाहिजे.

अधिकाऱ्यांच्या मुलाखती आणि प्रक्रियेचा माग

राजकीय निर्णय का झाला हे सर्वेक्षणातून कळत नाही. त्यासाठी कागद आणि माणसे. कागद आधी: संसदेतल्या चर्चा, अंदाजपत्रकीय भाषणे, लेखापरीक्षकांचे अहवाल. लेखापरीक्षण अहवाल कंटाळवाणा वाटतो म्हणून कोणी वाचत नाही, आणि बहुतेक सोने तिथेच असते.

मुलाखती खालून वर न्या. आधी केंद्र, मग जिल्हा, मग मंत्रालय. खालच्या माहितीमुळे वर नेमके विचारता येते. सचिवाला ‘विकेंद्रीकरण कसे चालले आहे?’ असे विचारले तर भाषण मिळते, ‘दुसऱ्या तिमाहीचा निधी चौथ्या तिमाहीत का गेला?’ असे विचारले तर उत्तर मिळते. निवृत्त अधिकारी मोकळे बोलतात, पण त्यांच्या तारखा सरकतात. प्रत्येक तारीख कागदाशी ताडून पाहा. टिपणे त्याच रात्री पूर्ण करा. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाच्या लेखनाला पाच-सहा तास लागतात, हे वेळापत्रकात धरा.

स्पर्धक स्पष्टीकरणे आधीच लिहून ठेवा. घानाचा राष्ट्रीय आरोग्य विमा घ्या. कायदा २००३ चा, सोबत २.५ टक्क्यांचा विमा कर. निवडणुका डिसेंबर २००० आणि डिसेंबर २००४ मध्ये. निवडणूक-स्पर्धेमुळे कायदा आला असे म्हणायचे असेल तर काही खुणा असल्याच पाहिजेत: आश्वासन निवडणुकीआधीचे हवे, वेळापत्रक पुढच्या निवडणुकीशी बांधलेले हवे. त्या नसतील तर स्पष्टीकरण बाद. पण त्या असल्या म्हणून ते सिद्धही होत नाही. त्यासाठी निर्णायक खूण लागते, जी दुसऱ्या स्पष्टीकरणात बसतच नाही. जसे, तज्ज्ञांनी ‘अजून तयारी नाही’ असे लेखी सांगूनही मतदानाच्या तारखेमुळे रेटल्याचे इतिवृत्त.

संमती आणि सुरक्षितता

नैतिकता समितीच्या मंजुरीला महिने जातात. ज्या देशात काम आहे तिथल्या समितीची मंजुरीही हवी, फक्त स्वतःच्या विद्यापीठाची नव्हे. कारभारावरच्या संशोधनात धोका रुग्णापेक्षा उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्याला अधिक असतो. ‘एका जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने सांगितले’ असे लिहून नाव लपत नाही, कारण त्या जिल्ह्यात तो अधिकारी एकच असतो. जिल्ह्याचे नाव काढा, पदाची पातळी सैल करा, आणि अवतरण छापण्यापूर्वी तेवढ्याच वाक्यावरून माणूस ओळखता येईल का ते तिथल्याच एखाद्या जाणकाराकडून तपासा. नावांची किल्ली-यादी वेगळ्या, कूटबद्ध फाइलमध्ये ठेवा.

मुलांची मोजमापे घेणाऱ्या पथकाला कुपोषित मूल नुसते पाहून पुढे जाता येत नाही. दंडघेर ११५ मिलिमीटरच्या खाली निघाला तर ते तीव्र कुपोषण आहे. कुठे पाठवायचे, वाहन कोणाचे, पाठपुरावा कोण करणार, हे पहिल्या दिवसाआधी लेखी ठरलेले हवे.

विश्लेषण

मुख्य परिणाम, उपगट आणि समीकरण डेटा पाहण्यापूर्वी लिहून सार्वजनिक नोंदवहीत दाखल करा. वीस परिणाम तपासले तर ५ टक्क्यांच्या पातळीवर एक निव्वळ योगायोगानेही ‘सार्थ’ निघतो. धोरण जिल्ह्याच्या पातळीवर बदलले असेल तर प्रमाण त्रुटीही जिल्हा हा समूह धरून काढा. जिल्हे तीस-चाळीसपेक्षा कमी असतील तर नेहमीचे सूत्र अपुरे पडते, तेव्हा पुनर्नमुना पद्धत (हातातल्या डेटातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढून त्रुटी मोजण्याची) घ्या. मग साखळीच्या कागदाकडे परत या. शेवटची कडी हलली आणि मधली हललीच नाही, असे दिसले तर आनंद मानण्याआधी शोधा की परिणाम दुसऱ्या वाटेने आला का. मधली हलली आणि शेवटची नाही, हाही पक्का निष्कर्ष आहे, आणि तो छापलाच पाहिजे.

निष्कर्ष परत नेणे

क्षेत्रात काम केलेल्या स्थानिक संशोधकांचे लेखकत्व सुरुवातीलाच ठरवा. आभारांच्या ओळीत त्यांना बसवणे चालणार नाही. प्रकाशनाआधी निष्कर्ष आधी केंद्रांना, मग जिल्ह्याला, मग मंत्रालयाला दाखवा, कारण वरून खाली गेलेला अहवाल खालच्या माणसाला नोटिशीच्या रूपात भेटतो. प्रत्येक केंद्राला फक्त त्याचे स्वतःचे आकडे आणि जिल्ह्याची सरासरी द्या, शेजाऱ्याचे नको. कर्मचाऱ्यांनी दाखवलेल्या चुका नोंदवून दुरुस्त करा. साठावहीतला एखादा आकडा दोन महिन्यांचा एकत्र होता, ही गोष्ट बहुतेकदा याच बैठकीत पहिल्यांदा कळते.